डब्यातला धूर

मृग कोरडा गेला आणि तळ्यातल्या कटला माशांचे नर आटले. वरून आभाळ भरलेलं, खालून जमीन तापलेली, आणि मधल्या मध्ये माणसं काय नि मासे काय, वाफेवर शिजत पडलेले. विहिरीचं पाणी तळ्यात सोडावं तर दुपार व्हायच्या आत तेही कोमट होई. माद्यांचं मात्र बरोबर होतं. त्यांची पोटं वेळच्या वेळी भरली, मऊ पडली, खालची जागा लाल झाली. नवरी नटूनथटून मांडवात बसावी आणि नवरदेवाचाच पत्ता नसावा, असा सगळा प्रकार होता.

वंदना कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. साडीवर गोपालचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. जाळ्यात आलेला एकेक नर ती ओल्या फडक्यात धरायची, बगलेत दाबायची आणि पोटावरून अंगठा मागं न्यायची. चांगल्या वर्षी एवढ्यानं बोटं पांढरी होतात. कटल्याचा नर दूध देतो म्हणतात, ते खरंच दुधासारखं दिसतं. यंदा शेवटचा नर पाण्यात सोडला तरी तिच्या बोटांना पाण्याशिवाय काही लागलं नव्हतं.

"कोरडे हायेत सारे," ती म्हणाली.

तिचा नवरा गोपाल काठावर जाळ्याचं टोक धरून उभा होता. त्यानं टोक सोडून दिलं. "मंग पोकलेनवाल्याले सांगू का?"

हे वाक्य तो होळीपासून म्हणत होता. डोणगावापासून आतल्या बाजूला, वांगी-मिरच्या करणाऱ्या माळ्याच्या घरात ही तीन तळी आणि मासोळीचं बी काढायचं गोल टाकं त्याच्या बापानं, वामनरावांनी, बांधलं होतं. लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं. पुढं शेततळ्यांची लाट आली आणि तेच लोक माशांची बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, घ्यायला रांगेत उभे राहिले. पण बाप तोच, आई तीच, पोरी-पोरं त्यांचीच, त्यांच्यात पुन्हा तेच. घरच्या घरात सोयरिकी करत राहिलं की माणसांचं होतं तेच माशांचं झालं. जिऱ्याएवढी पिल्लं, जिरे, निघायचे, पण वाढ नाही. पिंपळगाव राजाचे नारायणराव, एवढं जुनं गिऱ्हाईक, गेल्या साली दारात येऊन बोलून गेले होते की, वामनराव, तुमच्या कटल्याले डोकं हाये, अंग नाही. वामनराव त्या दिवशी जेवले नव्हते. आणि गोपालनं ठरवून टाकलं होतं की या पावसाळ्यात बी चांगलं निघालं तर ठीक, नाही तर दिवाळीआधी पोकलेन आणून तळी बुजवायची आणि संत्रा लावायचा.

"थांबा ना," वंदना पाण्यातून म्हणाली. "डबा हाये ना आपल्यापाशी."

डबा होता, हे खरं. वंदनाची सगळी आशा त्या डब्यात होती.

मासोळीच्या कॉलेजात तिनं उन्हाळ्यात प्रशिक्षण घेतलं होतं. तिथल्या संजीवनी मॅडमनी तिची खटपट पाहून तिला मोठ्या नदीतल्या कटल्याच्या नरांचं दूध दिलं. बारीक नळ्यांत भरलेलं, गोठवलेलं. गाई-म्हशींना भरवायला डॉक्टर आणतात तशाच कांड्या. त्या ठेवायला उणे थंडीचा डबा लागतो, त्यात द्रव नायट्रोजन ओतावा लागतो. तसा एक जुना डबा सहदेवनं उसना दिला. सहदेव गावोगाव फटफटीवर फिरून जनावरांना कृत्रिम रेतन करायचा. मॅडमनी सांगितलं होतं की कांड्या दोन माद्यांपुरत्या आहेत, या सालात बी काढून दाखवलं तर पुढल्या साली आणखी देऊ. नव्या रक्ताची एक पिढी तळ्यात उतरली की पुढचं घरच्या घरात निभणार होतं.

डबा घरी आला तो दिवस सणासारखा गेला. वंदनाच्या सासूच्या, मनकर्णाबाईंच्या गळ्यात माळ, मासोळीचा वासही त्यांना चालत नसे. पण घरात नवी वस्तू आली म्हणून त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं, गळ्यात लिंबू-मिरची बांधली. मधल्या थंड खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी, पाटावर त्याची जागा झाली. दिसायला पितळेच्या घागरीएवढा, वर निमुळती मान, मानेत बूच. बूच काढलं की आत लांब दांडीची एक छोटी डोलची, तिच्यात रंगीत कांड्या. बूच काढताच मानेतून पांढराशुभ्र धूर उतू जायचा आणि जमिनीवरून सरपटत कोठीखाली शिरायचा. तो पाहून मनकर्णाबाईंनी हात जोडले होते.

वामनरावांनी विचारलं होतं, "काय हाये म्हना आतमंदी?"

आणि इथं वंदनाची जीभ अडखळली. आता सासऱ्यापुढं उभं राहून सुनेनं काय सांगावं? नराचं हे, ते जिवंत असतं, ते असं मरतं, अमक्यानं निकामी होतं? लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्यापुढं खाटेवर बसली नव्हती की डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तळ्यात ती बगलेत नर दाबायची, तेव्हाही वामनराव दुसरीकडं पाहत. त्यांचं आणि तिचं बोलणं चहा ठेवते, पंप बंद करते, एवढंच.

"बियाणं हाये नदीचं," ती म्हणाली आणि आत गेली. मग गोपालला सांगितलं की मामाजींना नीट समजावून सांगा. गोपाल म्हणाला, सांगतो. त्यानं सांगितलंही. जेवताना मान वर न करता म्हणाला, "बाबा, त्याच्यातल्या कांड्यांले हात लावू नका."

"मी कायले लावू," वामनराव म्हणाले. आणि ते शब्दाचे पक्के होते.

वामनरावांचा एक स्वभाव मात्र पंचक्रोशीला माहीत होता. घरात नवं काही आलं की ते पाहुण्याला दाखवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. पहिली मोटर बसवली तेव्हा दारात आलेल्या प्रत्येकासाठी त्यांनी ती चालू करून दाखवली, ऐन टंचाईत पाणी नालीला गेलं. फ्रीज आला तेव्हा महिनाभर त्याचं दार उघड-झाक करून आतला दिवा कसा आपोआप लागतो ते दाखवत होते, आणि आतलं दूध नासत होतं. पाहुणा आला, त्याला पाणी दिलं, वावर दाखवलं, नवं ते दाखवलं, मग चहा. ही त्यांची रीत होती, आणि या रीतीत कोणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

नायट्रोजन हवेत उडून जातो. थोडाफार रोज उडणारच. वंदना आतला हिशेब लाकडी पट्टी बुडवून बघायची. पट्टी वर काढली की जिथवर पांढरं दहिवर धरलं तिथवर नायट्रोजन. ती पट्टी दर खेपेला आखूडच निघत होती. सहदेवनं भरून दिलेला डबा पंधरवडा तर सहज निघायला हवा होता, तो आठवड्यातच तळाशी जाऊ लागला.

ती डोणगावला सहदेवच्या दारात गेली. ओट्यावर दोन-चार माणसं म्हशी घेऊन बसली होती. एकजण तिला पाहून दुसऱ्याला म्हणाला, ही माशाले डॉक्टर लावून राह्यली म्हने. हसले सगळे. वंदनाचे कान तापले. त्याच तिरमिरीत ती सहदेवला बोलली, सगळ्यांदेखत.

"सहदेवभाऊ, पैसे पुरे घेता, मंग डबा अर्धा काऊन भरता?"

सहदेव हातातला मोजा काढत थांबला. "वहिनी, मी काठोकाठ भरतो. बूच उघडंबिघडं राहते का घरी?"

"माह्याशिवाय कोनी हात नाही लावत त्याले."

"मंग मले नाही माहीत," सहदेव म्हणाला. त्यानं डबा पुन्हा भरून दिला, फटफटीला बांधून दिला, पण जाताना नेहमीसारखं चहाचं विचारलं नाही. वंदनाला घरी येईपर्यंत वाटत राहिलं की चोर तो चोर वर शिरजोर.

नर आटल्याचं पक्कं झालं तशी तिनं पहिली मादी धरली. गाडग्यासारखं पोट, अंगावर तांबूस झाक. पर अंगाला जोडलेला असतो त्या जागी रात्री अंडी सुटायची सुई टोचली आणि सकाळी, उजाडल्या उजाडल्या, मादी टाक्यात अस्वस्थ फिरू लागली. वेळ झाली होती. गोपालनं तिचं डोकं ओल्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. वंदनानं पोट पुसून अगदी कोरडं केलं, कारण पाण्याचा एक थेंब आधी पडला तरी सगळं फुकट जातं. मग दोन्ही अंगठे हलकेच मागं नेले. अंडी एका धारेत परातीत पडू लागली, राजगिऱ्याच्या रंगाची, एकमेकांना चिकटून. एवढी की गोपालसुद्धा "बापा" म्हणाला.

वंदनानं घरात जाऊन कांड्या काढल्या. कोमट पाण्यात बुडवल्या, कैचीनं टोकं कापली, परातीत रिकाम्या केल्या. कोंबडीच्या पिसानं हलक्या हातानं फिरवलं, मग पाणी घातलं. अंडी फुगू लागली. बघता बघता साबुदाण्यासारखी टपोरी, काचेसारखी नितळ झाली. गोल टाक्याच्या फिरत्या पाण्यात ती गरगर फिरू लागली तेव्हा वामनराव काठावर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद लपेना.

"जमलं म्हना," ते गोपालला म्हणाले. सुनेला थेट विचारायची पद्धत नव्हती.

वंदना टाक्याशीच बसली. तिला माहीत होतं की पाण्यात पडलं की वांझ अंडंही फुगतं. फुगणं म्हणजे जीव धरणं नव्हे. जीव धरला असेल तर दुपारपर्यंत आत ठिपका दिसतो. ती काचेच्या पेल्यात अंडी काढून उजेडाकडं धरत राहिली. आधी वाटलं डोळेच थकले. मग एका अंड्यात दुधाळ ढग दिसला. मग दहांत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टाक्यात भात शिजून फुटावा तसं पांढरं पांढरं वर आलं होतं, आणि त्याचा आंबूस वास सुटला होता.

गोपालनं मच्छरदाणीच्या तुकड्यानं ते सगळं गाळून पपईच्या आळ्यात टाकलं. "खत तरी झालं," तो म्हणाला. वंदना रिकामं टाकं धुऊ लागली. एवढी अंडी, एवढी तयारी, आणि शेवटी खत.

तिनं मॅडमना फोन लावला. मॅडमनी शांतपणे एकेक विचारलं. पाणी किती कोमट होतं, पीस कोरडं होतं का, अंडी पिकून जास्त तर झाली नव्हती. सगळं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं की डोलची डब्याच्या मानेच्या वर कधी निघाली होती का, कारण वरच्या हवेत ती क्षणभर जरी राहिली तरी आतलं वितळतं, आणि पुन्हा खाली सोडलं की मरतं. बाहेरून कांडी तशीच्या तशी दिसते. वंदना म्हणाली, नाही मॅडम, घरात कोणी हात लावत नाही. हे तिनं शपथेवर सांगितलं. मग उरला तो सहदेवच. त्यानं नायट्रोजन कमी भरला, मधेच कधीतरी तळ उघडा पडला असेल, असं तिनं मनाशी नक्की केलं. दुसऱ्याच्या माथी मारलेली चूक फार लवकर खरी वाटायला लागते.

गोपाल एवढंच म्हणाला, "दुसरी मादी बाकी हाये. तेवढं पाहू. मंग मले काही म्हनू नको."

दुसऱ्या मादीला रात्री सुई टोचली. दुसऱ्या सकाळी आभाळ इतकं खाली आलं होतं की बैलांनाही श्वास पुरत नव्हता. मादी जाळीच्या पेटीत सोडून वंदना तिच्याजवळ बसून होती. पाण्यात शेपटीचा फटकारा पडला तशी ती उठली. आता लवकरच वेळ होईल. पीस आणि कैची घ्यायला ती घराकडं आली, तर दारात नारायणरावांची मोटारसायकल. पिंपळगाव राजाहून आले होते ते. वंदनाला बरं वाटलं. त्यांच्यासमोर आज बी निघालं तर गेल्या सालचं बोलणं फिटलं असतं.

मधल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज येत होता.

"असे वाका, नारायणराव. अजून. आता पाहा."

वंदना उंबऱ्यात आली आणि तिथंच थांबली. डब्याचं बूच कोठीवर ठेवलेलं होतं. वामनरावांनी दांडी धरून डोलची पूर्ण वर उचलली होती, मानेच्या कितीतरी वर, खिडकीच्या उजेडात. गुलाबी, पिवळ्या कांड्या देवघरातल्या उदबत्त्यांसारख्या उभ्या होत्या. डब्यातून धूर ओसंडत होता, नारायणरावांच्या पायांवरून वाहत होता, आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा पाय उचलून धूर पाहत होता.

"हात लावू नका बरं," वामनराव सांगत होते. "मीबी लावत नाही. ताकीद हाये आमच्याकडं. मोठ्या नदीचं बी हाये हे. आमच्या वंदनानं आनलं." डोलची त्यांनी जरा फिरवून धरली, सगळ्या बाजूंनी दिसावी म्हणून. "तुम्ही म्हनले होते ना, अंग नाही म्हनून? आता पुढच्या साली सांगा. लोक म्हनतात वामननं तळे खंदले अन् पोरगं बुजवीन. मी म्हनतो, बुजवू द्या, ही पोरगी बुजू देत नाही. माह्या साऱ्या खानदानात एवढं डोकं नाही कोनाले."

वंदनाच्या कानात वंदना हा शब्द अडकून राहिला. या घरात ती गोपालची बायको होती, सून होती, पूनमची आई होती. मामाजींच्या तोंडून तिचं नाव तिनं आज पहिल्यांदा ऐकलं. तिला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांच्या हातातली ती दांडी हिसकून घ्यावीशी वाटली. दोन्ही एकदम वाटलं आणि दोन्ही जमलं नाही.

"मामाजी," ती म्हणाली, "ठेवा ते खाली."

ते दचकले, पण डोलची सोडली नाही. अगदी जपून, एकही कांडी हलू न देता, त्यांनी ती डब्यात उतरवली, बूच लावलं, वर आपल्या उपरण्यानं पुसलं. "पाह्यलं नारायणराव? इतकं सांभाळा लागते."

नारायणराव चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले की बी निघालं तर पहिलं मले सांगा. वामनराव खाटेवर बसले. वंदना उंबऱ्यातच उभी होती. मग ती उंबऱ्यावर बसली, त्यांच्यासमोर, डोक्यावरचा पदर सरकलेला असताना.

"मामाजी, ते वर उचललं का मरते."

"काय मरते?"

आता सांगावंच लागलं. "नराचं दूध हाये त्याच्यात. जित्तं असते ते. थंडीनं झोपल्यासारखं राहते. डोलची मानेच्या वर आली का ते वितळते, अन् खाली गेलं का मरून जाते. पहिल्या खेपेले त्याच्यामुळंच गेलं."

वामनराव खाटेवरून पुढं सरकले. "पन मी कांडीले हात नाही लावला."

"नाही लावला तुम्ही."

"मले एवढंच सांगतलं होतं. हात नाही लावाचा."

त्यांनी ते तक्रारीनं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते वंदनाला जास्त लागलं. हे सगळं एवढ्याच सोप्या शब्दांत त्या पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. तोंडावर पदर धरून आत गेली ती. अख्ख्या गावासमोर नराचं पोट दाबायची लाज गेली होती, पण घरातल्या म्हाताऱ्याला दोन वाक्यं सांगायची लाज राहिली होती.

वामनराव आपल्याशीच नावं घेऊ लागले. पोस्टमन आला होता त्याला दाखवलं. किर्तनकार बुवांना दाखवलं, त्यांनी तर दोनदा पाहिलं. बँकेचा माणूस, बांगडीवाली, सोसायटीचा चेअरमन, बाजूच्या मळ्यातली लग्नाची वऱ्हाडी मंडळी. वंदना ऐकत होती आणि तिला सहदेवचा चेहरा दिसत होता. त्यानं डबा काठोकाठच भरला होता.

तळ्याकडून गोपालची हाक आली. मादीची वेळ झाली होती. कांड्या मेल्या म्हणून काही तिला थांबता येत नव्हतं. सुई टोचली की अंडी बाहेर आलीच पाहिजेत, नाही तर पोटातच सडून मादी जाते. वंदना उठली. तिच्यामागं वामनरावही उठले.

गोपालच्या हातून टॉवेल घेऊन वामनरावांनीच मादीचं डोकं छातीशी धरलं. कितीतरी वर्षांत त्यांनी मासा धरला नव्हता. मादीनं शेपूट आपटली तशी त्यांची बंडी चिंब झाली, पण त्यांची पकड ढिली झाली नाही. वंदनानं अंडी काढली. उरलेल्या सगळ्या कांड्या घेऊन आली, एखादी वाचली असेल म्हणून, माणसाची वेडी आशा म्हणून. एक कांडी जुडीतून निसटून डोलचीच्या कडेला तळाशी अडकली होती. ती निघेना, तशीच राहू दिली. बाकी सगळ्या परातीत रिकाम्या केल्या. पीस वामनरावांनी मागून घेतलं आणि हलक्या हातानं फिरवत राहिले, एखाद्याच्या कपाळावर औषध लावावं तसं.

"जमून राह्यलं का?" गोपालनं विचारलं.

वंदनानं परातीत पाणी घातलं.

दुपारी टाकं पांढरं झालं. या खेपेला वंदनानं पेला उजेडाकडं धरलाच नाही. गोपालनं मच्छरदाणी आणली.

"तुह्या मॅडमनं तुले फसवलं," तो गाळता गाळता म्हणाला.

"तुम्ही मामाजीले काय सांगतलं होतं?"

"तेच. हात लावू नका."

"अन् उचलू नका म्हनून?"

गोपालला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो बापाकडं पाहू लागला. "उचलीन कोन, हे कोनाच्या ध्यानात येते का? अन् बाबा, तुम्हाले काय गरज होती..."

"माह्यानं झालं," वामनराव म्हणाले. "तिले काही म्हनू नको."

गोपालनं मच्छरदाणी झटकली, फोन काढला आणि बोलत बोलत बांधाकडं गेला. वाऱ्यावर पोकलेनवाल्याचं नाव ऐकू आलं. दुसरी मादी जाळीच्या पेटीत रिकाम्या पोटानं एका जागी श्वास घेत होती. वंदनाला काही करावंसं वाटेना. तिनं पराती घासल्या. मग सहदेवला फोन लावला आणि म्हणाली की भाऊ, त्या दिवशी मी चारचौघांत बोलली ते चुकलं, चूक आमच्याच घरची होती. पलीकडून सहदेव म्हणाला, ठीक हाये वहिनी, रविवारी डबा घ्याले येतो. चहाचं त्यानं याही वेळी काढलं नाही.

रविवारी सहदेव यायच्या आधी सोनाळ्याच्या अन्नपूर्णाबाई आल्या. मनकर्णाबाईंच्या थोरल्या बहिणीनं दोन एसट्या बदलून एवढी वाट तुडवली ती मुद्दाम धूर पाहायला. मेहुण्यांनी फोनवर इतकं वर्णन केलं होतं की सातपुड्याच्या पायथ्याशी बसून त्यांना झोप लागेना. पाय धुऊन झाले, गूळपाणी झालं आणि त्यांनी विचारलं, "कुठी हाये तुमचा तो डबा?"

वामनराव खाटेवर होते. त्या दिवसापासून ते दारातल्या माणसाशीसुद्धा धड बोलत नव्हते. नव्या फवारणी पंपाचं खोकं तसंच बांधलेलं पडलं होतं. "काही नाही त्याच्यात, मोठ्या बाई," ते म्हणाले. "पाहासारखं काही नाही."

"आता? साऱ्या मुलखाले दाखवलं अन् मलेच नाही?"

मनकर्णाबाई मध्ये पडल्या, जाऊ दे ना बाई, म्हणाल्या. अन्नपूर्णाबाई रुसल्या. वामनराव पायाच्या नखांकडं पाहत राहिले. पाहुण्याला नाही म्हणायची त्यांच्यावर आयुष्यात पहिली पाळी आली होती, आणि ती नीट पेलत नव्हती. वंदना चुलीपुढं शेंगा निवडत होती. तिच्या मनात इतक्या दिवसांचा संताप होता. सहदेवच्या ओट्यावरचं हसणं, पपईचं आळं, गोपालचा फोन. आणि या म्हाताऱ्याचं असं मान खाली घालून बसणं तर तिला सगळ्यांत जास्त बघवत नव्हतं.

ती उठली, हात पुसले, मधल्या खोलीत गेली.

"या मावशी. मी दाखवते तुम्हाले."

तिनं बूच काढलं. दांडी धरली आणि डोलची एका झटक्यात मानेच्या वर, आपल्या डोक्याच्या वर उचलली. आत आता होतीच कुठली मोलाची वस्तू? ती एक अडकलेली गुलाबी कांडी तेवढी तळाशी होती. धूर ओसंडला, कोठीखाली शिरला, उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत गेला. अन्नपूर्णाबाईंनी त्यात हात घातला आणि नातवंडासारख्या हसल्या. "अगं बाई, थंडगार."

"पाहा, मावशी. पोटभर पाहा."

तिचा हात भरून आला तरी तिनं डोलची खाली घेतली नाही. कोणावर राग काढत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. धूर खाटेपाशी गेला तसे वामनराव उठले. अनवाणी, धुरात पाय टाकत मधल्या खोलीत आले. त्यांनी डोलचीकडं पाहिलं, एकट्या कांडीकडं पाहिलं, आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढं आले.

"झाक, वंदना," ते म्हणाले. "झाक लवकर. खराब हून जाईन ते."

वंदनानं त्यांच्याकडं पाहिलं. मग डोलची हळूच, एकुलती एक कांडी हलू न देता, खाली सोडली, आणि बूच घट्ट दाबून लावलं.